अभयारण्यातील पर्यटन आणि स्वयंसेवा : कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. सुमारे ३६१ चौ. कि.मी. क्षेत्राच्या या अभयारण्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर, हरिश्चंद्रगड व रतनगड हे किल्ले आणि साम्रदजवळची सांदण दरी येते. भंडारदऱ्याचा जलाशयही याच परिसरात आहे. साहजिकच पर्यटकांची येथे वर्दळ असते. त्याचबरोबर महादेव कोळी व ठाकर समाजाची अनेक गावे या वनक्षेत्रात पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत.

मुंबई, पुणे व नाशिक येथील गिर्यारोहण मंडळे गडावरील प्लॅस्टिकचा कचरा गोळा करतात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री राज्यातील अभयारण्यांमध्ये पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणी निरीक्षणात हौशी निसर्गप्रेमी मचाणावर बसतात. हे कार्य स्तुत्यच आहे. तथापि अभयारण्यात ‘स्वेच्छेने’ राबणारा नेमका कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणकोणत्या प्रयोजनांसाठी देता येते ते नमूद केले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन व तेथील रहिवाशांशी वैध व्यवहार ही त्यांतील प्रमुख प्रयोजने होत. संरक्षणासाठी श्रमदान असे स्वतंत्र प्रयोजन या यादीत नाही. त्यामुळे कचरा उचलण्यासाठी आलेला तरुणही कागदोपत्री बहुधा पर्यटकच ठरतो.

याउलट कलम २७ ची तरतूद पाहावी. अभयारण्यात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने तेथील गुन्ह्यास प्रतिबंध करणे, वन्यप्राण्याच्या मृत्यूची खबर देणे, माहीत झालेला वणवा विझविणे आणि वनाधिकाऱ्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. म्हणजे वणवा विझविण्यास शहरातून धावून आलेला तो स्वयंसेवक, आणि तेच काम करणारा पाचनईचा शेतकरी मात्र केवळ कायदेशीर कर्तव्य बजावणारा रहिवासी! प्रशस्तिपत्रे कोणाच्या वाट्याला येतात हे सांगावयास नको.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तेथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांतून उजाड डोंगर हिरवे झाले. श्रमाचे फळ चारा व पाण्याच्या रूपाने श्रम करणाऱ्यांच्याच पदरी पडले. अभयारण्यात मात्र राबणारा एक आणि रमणारा दुसरा, अशी विभागणी सहज होऊ शकते.

काजव्यांचा हंगाम

ही विभागणी सर्वाधिक जाणवते ती मे महिन्याच्या उत्तरार्धापासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत. या काळात भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परसंकेत होय. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असल्याने मीलनाच्या रात्री मोजक्याच असतात. मोटारींचे दिवे, विजेऱ्या व कॅमेऱ्यांचा लखलखाट यांमुळे संकेत पुसट होतात. झाडाखालची जमीन तुडविली गेल्यास गवतातील माद्या व ओलसर मातीतील अळ्याही चिरडल्या जातात. ज्या दृश्यासाठी गर्दी होते, ते दृश्यच गर्दीमुळे क्षीण होण्याचा धोका आहे.

अशा वेळी खरी सेवा म्हणजे वाहने गावाबाहेर थांबविणे, दिवे मालविण्यास सांगणे, झाडापासून अंतर राखावयास लावणे. हे काम अप्रिय असते आणि ते रात्र रात्र जागून करावे लागते. ते प्रामुख्याने स्थानिक युवकांवर पडते, तेही भाताच्या पेरणीची तयारी सुरू असताना. पर्यटकांच्या मुक्काम-भोजनावर त्यांच्याच गावातील काही घरांचे उत्पन्न अवलंबून असल्याने त्यांची स्थिती अधिकच अवघड होते. पाहुण्याला अडवावे तर आपल्याच चुलत्याचे गिऱ्हाईक तुटते.

महाविद्यालयांचा सहभाग

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा व सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करणे अपेक्षित असते. बहुतेक शिबिरे हिवाळ्यात होतात. वनवणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो, म्हणून त्याआधी जाळरेषा साफ करण्याचे काम हिवाळी शिबिरास उत्तम साधते. प्रत्यक्ष वणव्यावरील पहारा व काजव्यांच्या रात्री मात्र परीक्षा व उन्हाळी सुटीत येतात. वनाचे आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक असे परस्परांस छेद देते.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९७२ सालीच, म्हणजे आपला वन्यजीव अधिनियम झाला त्याच वर्षी, राष्ट्रीय वनांतील स्वयंसेवकांसाठी कायदा झाला. काम करताना इजा झाल्यास स्वयंसेवकास भरपाईपुरते शासकीय कर्मचारी मानण्याची तरतूद त्यात आहे. कोकणकड्याच्या परिसरात विद्यार्थी नेण्यापूर्वी प्राध्यापकांनी विम्याची व्यवस्था करून घेणे अगत्याचे आहे.

अकोले-राजूर परिसरातील अनेक विद्यार्थी सुटीत गावीच असतात. त्यांनी स्वतःच्या शिवारातील वनात केलेला पहारा योजनेच्या तासांत धरला जावा. त्या हजेरीवर स्वाक्षरी कार्यक्रम अधिकाऱ्याची असावी की गावच्या परिस्थितिकीय विकास समितीच्या अध्यक्षाची, हे विद्यापीठ स्तरावर ठरवावे लागेल.