कम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

बटण दाबल्यावर विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ आली, की दोन निष्कर्ष लगेच निघतात: हार्ड डिस्क गेली, आणि आता फॉरमॅट मारावा लागणार. दोन्ही निष्कर्ष तपासणीच्या आधीच काढलेले असतात. बिघाडाने जेवढं नुकसान होतं, त्यात घाईघाईने केलेला उपाय अनेकदा भर घालतो. म्हणून एक नियम ठाम धरावा: आतल्या डेटाची प्रत हाती येईपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. प्रचलित गैरसमज या नियमावर घासून पाहिले, की त्यांतला धोका लक्षात येतो.

गैरसमज १: बूट होत नाही म्हणजे हार्ड डिस्क गेली.

वस्तुस्थिती: बटणापासून विंडोजपर्यंत कामांची एक साखळी असते. मदरबोर्डवरचं बायॉस किंवा यूईएफआय आधी यंत्राची तपासणी करतं, मग कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते शोधतं. जुन्या पद्धतीत ते डिस्कचा पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. नव्या पद्धतीत एका छोट्या स्वतंत्र पार्टिशनमधली बूट फाइल उघडतं. साखळी कुठे तुटली हे पडद्यावरचा मजकूर बऱ्याच अंशी सांगतो. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणजे डिस्क दिसत नाही, किंवा दिसते पण तिच्यावर बूट करण्याजोगं काही सापडत नाही. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असं आलं, तर डिस्कवरचा सुरुवातीचा भाग वाचला गेला आहे याचाच तो पुरावा आहे. निळ्या पडद्यावरच्या ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’मागे तर नुसती बदललेली सेटिंगही असू शकते: मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला, सेटिंग्ज मूळपदावर गेल्या आणि डिस्कशी जोडणी कशी करायची ते ठरवणारा साटा मोड बदलला, की धडधाकट डिस्कही विंडोजला सापडत नाही. म्हणून आधी पेनड्राइव्ह काढा, बायॉसमध्ये जा आणि डिस्कचं नाव व क्षमता नीट दिसते का ते पाहा. नाव दिसत नसेल, तर डेस्कटॉपची साटा केबल बदलून पाहा. सेटिंग बदलण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनची ४८ अंकी रिकव्हरी की मात्र हाताशी ठेवा. बदलानंतर ती मागितली जाऊ शकते.

गैरसमज २: फॉरमॅट मारला की डिस्क दुरुस्त होते.

वस्तुस्थिती: फॉरमॅटनंतर कम्प्युटर खरोखरच सुरू झाल्याचं अनेकांनी पाहिलेलं असतं, म्हणून हा समज सर्वांत चिवट आहे. त्यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क त्याची ‘प्रलंबित’ म्हणून नोंद करते. आत काय होतं हे तिलाही ठाऊक नसल्यामुळे ती त्याला परस्पर रद्द करत नाही. त्या जागी नव्याने काही लिहायला गेलं, की ती जागा तपासते आणि खराब निघाल्यास राखीव सेक्टर वापरायला घेते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या सेक्टरांवर शून्यं लिहितो, त्यामुळे एरर नाहीशी होते. पण तिच्याबरोबर वाचता येण्याजोगा सगळा डेटाही जातो आणि सेक्टर खराब होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली एरर (स्कॅन एरर) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. म्हणजे ज्या डिस्कला आपण बरी झालेली समजतो, तिच्यावरच पुन्हा विश्वास टाकणं सर्वांत धोक्याचं असतं. ‘क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही’ हाही अर्धाच दिलासा आहे. नवं विंडोज टाकताना जुन्या फाइलींच्या जागा वापरल्या जातात, आणि एसएसडीवर मोकळ्या जागा पुसायला सांगणाऱ्या ट्रिमच्या आज्ञेमुळे क्विक फॉरमॅटनंतरही डेटा परत मिळण्याची आशा जवळपास संपते.

गैरसमज ३: चेकडिस्क चालवून पाहायला काय हरकत आहे?

वस्तुस्थिती: हे साधन मायक्रोसॉफ्टचंच आहे, तेव्हा घातक कसं, असं कोणीही विचारेल. वीज गेल्याने फाइल सिस्टम बिघडली असेल आणि डिस्क धडधाकट असेल, तर ते उपयोगीच आहे. पण त्याचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. दुरुस्तीच्या पर्यायासह चालवलं, की वारस न सापडलेले तुकडे मूळ नाव गमावून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये जमा होतात. बॅड सेक्टर शोधण्याचा पर्याय तर अख्खी डिस्क तासन्‌तास वाचत बसतो, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण झेपेलच असं नाही. त्याऐवजी पेनड्राइव्हवरून उबुंटू ही लिनक्स प्रणाली सुरू करा आणि महत्त्वाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. वाचताना एरर येत असतील, तर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन सहज वाचता येणारे भाग आधी उचलतं, अवघड भागांकडे शेवटी वळतं आणि कुठवर पोहोचलं याची नोंद ठेवतं. टकटक आवाज येत असेल, तर डिस्क ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरीच्या जाणकारांकडेच द्यावी. तबकडीपासून हेडचं अंतर काही नॅनोमीटर असतं, त्यामुळे घरच्या धुळीत डिस्क उघडणं म्हणजे डेटा घालवणं. फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या तोडग्याने आत दव धरतं.

गैरसमज ४: स्मार्ट तपासणी ‘ओके’ म्हणते, तर डिस्क ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती: स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद. गूगलच्या त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख संकेतांपैकी एकही आधी दिसला नव्हता. तपासणी तरीही करावी, फक्त तिचा अर्थ नीट लावावा. स्मार्टच्या यादीतल्या क्रमांक ५ किंवा १९७ चे आकडे वाढत असतील, तर सेक्टर खराब होत आहेत. १९९ चा वाढत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. वाईट बातमी खरी मानावी, पण चांगल्या बातमीवर विसंबून बॅकअप टाळू नये.

उरतो खर्चाचा आक्षेप. प्रत घ्यायला दुसरी डिस्क लागते, आणि ती फुकट मिळत नाही. पण ज्या डिस्कने एकदा दगा दिला, ती बदलावीच लागणार आहे. तो खर्च फॉरमॅटने टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो, आणि मधल्या काळात डेटा जातो. तेव्हा डिस्क दुकानात देतानाही ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. आत काय आहे हे दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक नसतं. ते सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे.