टाचांच्या भेगांसाठी घरचे कोकमतेलाचे मलम



बैलाच्या खुराला इजा झाली तर आपण त्याला औताला जुंपत नाही. पण स्वतःच्या टाचेला बोट शिरेल एवढी भेग पडली, तरी आपण तसेच चिखलात उतरतो. भेग म्हणजे कातडीला पडलेले भगदाड. त्यातून माती जाते, जंतू जातात, धनुर्वाताचा धोका असतो. भातलावणीच्या चिखलात उंदरांचे व गुराढोरांचे मूत्र मिसळलेले असते. त्यातले लेप्टोचे जंतू अशाच भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतात. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी टाचा बुजवून घेणे हे बी-बियाण्याच्या तयारीइतकेच गरजेचे काम आहे. त्यासाठी लागणारे मलम घरच्या घरी कसे करावे, ते या पत्रकात सांगितले आहे.

भेगा का पडतात?

आपल्या अंगाच्या कातडीत तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांना मात्र त्या नसतात. तिथे फक्त घाम येतो. शिवाय अनवाणी चालून टाचेची कातडी जाड झालेली असते. थंडीत आणि उन्हाळ्यात ही जाड कातडी वाळते, कडक होते. त्यावर अंगाचा भार पडला की टाच बाजूंना पसरते आणि कडक कातडी उकलते. काळी जमीन उन्हाने भेगाळते, तसाच हा प्रकार.

आता जमिनीतली ओल टिकवायची तर आपण काय करतो? आधी पाणी देतो, मग पालापाचोळ्याचे आच्छादन घालतो. कोरड्या ठणठणीत जमिनीवर नुसते आच्छादन घालून ओल येत नाही. टाचेचेही तसेच आहे. मलम म्हणजे आच्छादन. ते पाणी देत नाही, असलेली ओल उडू देत नाही. आधी पाय भिजवा, मग मलम लावा. एवढे ध्यानात ठेवले तर मलमाचा गुण येतो. ‘इतके दिवस लावतोय, फरक नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ जण मलम कोरड्या टाचेवर लावत असतात.

कोकमतेल कसे काढावे?

वैशाखात आमसुले करून झाली की कोकमाच्या बिया पुष्कळ घरांत उकिरड्यावर जातात. त्या टाकू नका. याच बियांतून घट्ट, फिकट रंगाचे तेल निघते. कोणी त्याला मुठेल म्हणतात, मालवण-गोव्याकडे भिरंडेल म्हणतात.

बिया धुऊन कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. टरफल फोडून आतला गर कांडून बारीक करावा. तो भरपूर पाण्यात घालून मंद आचेवर उकळावा. तेल वर तरंगते. भांडे रात्रभर निवू द्यावे, म्हणजे तेलाचा थर गोठतो. तो काढून पुन्हा तापवावा. तडतड थांबली म्हणजे पाण्याचा अंश गेला असे समजावे. मग फडक्याने गाळून गोळे वळावेत.

हे तेल साधारण 40 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून नुसत्या बोटाने ते नीट पसरत नाही. काही लोक ते चमच्यात तापवून गरमच भेगेत ओततात. त्याने कातडी भाजते. असे करू नये. त्यात पातळ तेल मिसळून मलम केले की ते न तापवता लावता येते.

साहित्य (100 ग्रॅम मलमासाठी)

कोकमतेल 40 ग्रॅम
खोबरेल किंवा तिळाचे तेल 50 ग्रॅम
मधमाशीचे मेण 10 ग्रॅम

घरी काटा नसेल तर तिन्ही पदार्थ वेगवेगळे वितळवून त्याच एका चमच्याने 4, 5 आणि 1 अशी मापे घ्यावीत. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे घाटावर थंडीसाठी तिळाचे तेल घेतलेले बरे. कोकमतेल मिळत नसेल तर 20 ग्रॅम मेण आणि 80 ग्रॅम तिळाचे किंवा करडईचे तेल घेऊनही मलम होते.

मेण मधपाळाकडून घ्यावे. मेणबत्तीचे मेण हे खनिज तेलापासून काढलेले असते आणि त्यात रंग, वास मिसळलेला असू शकतो. ते वापरू नये.

कृती

1. पसरट पातेल्यात पाणी तापत ठेवा. त्यात दुसरे लहान, कोरडे भांडे बसवा. मेण 62 ते 65 अंशांना वितळते आणि उकळते पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे तेल करपत नाही की पेट घेत नाही. थेट चुलीवर तेल-मेण कधीही तापवू नका. लहान मुलांना दूर ठेवा.

2. लहान भांड्यात आधी मेण वितळवा, मग कोकमतेल, शेवटी पातळ तेल घाला. पाण्याचा एक थेंबही आत पडू देऊ नका.

3. थंड ताटलीवर एक थेंब टाकून पाहा. दगडासारखा झाला तर थोडे तेल वाढवा. ओघळला तर थोडे मेण वाढवा.

4. भांडे खाली उतरवून दाट होईतो ढवळत राहा, म्हणजे मलम रवाळ होत नाही. मग कोरड्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत भरा. पूर्ण निवल्यावरच झाकण लावा, नाहीतर आत वाफेचे पाणी धरते.

फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी यासाठी वापरू नका. विष भेगेतून अंगात जाईल.

‘यात कडुलिंबाचा पाला किंवा ओली हळद वाटून घालू का?’ असे पुष्कळ भगिनी विचारतात. घालू नये. ओल्या पाल्याबरोबर पाणी जाते आणि मलमाला बुरशी येते. मलमात पाणी नसते म्हणूनच ते टिकते. डबी थंड जागी ठेवा, ओले बोट घालू नका. तीन-चार महिन्यांत संपेल एवढेच करा. खवट वास आला तर टाकून द्या.

कसे लावावे?

रात्री कामे आटोपल्यावर पाय कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटे बुडवा. वजरीने हलक्या हाताने मऊ झालेली कातडी घासा. ब्लेडने कातडी कापू नका. फडक्याने टिपून घ्या आणि लगेच, टाच अजून मऊ आहे तोवर, मलम चोळा. वर जुने सुती मोजे किंवा फडके गुंडाळून झोपा. तेलकट पायाने फरशीवर चालू नका, पाय घसरेल. हे रोज करावे लागते. एक रात्र लावले आणि आठ दिवस विसरले, तर भेग पुन्हा उकलते. पहिल्या वेळी थोडे मलम मनगटाजवळ लावून एक दिवस पाहा. खाज किंवा पुरळ आले तर वापरू नका.

मलम कुठे लावू नये?

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे मलम लावू नका. तिथे ओल आधीच जास्त असते, मलमाने ती कोंडते आणि चिखल्या वाढतात. ती जागा धुऊन कोरडी ठेवा. रक्त येणारी, पू झालेली, सुजलेली भेग दवाखान्यात दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाला चटका कळेलच असे नाही. त्यांनी पाणी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाताने पाहून घ्यावे आणि लहानशी भेगही डॉक्टरांना दाखवावी. भेगेत वंगण किंवा डिझेल भरण्याची सवय काहींना आहे. ती आजच सोडा.

आणखी एक गोष्ट. मलम लावले म्हणजे चिखलात अनवाणी उतरायला परवाना मिळाला असे नाही. शक्य तिथे गमबूट घाला, घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. लावणीनंतर ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आपण चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यंदा आमसुलांच्या वेळी बिया वाळवून ठेवा. ज्येष्ठ लागण्यापूर्वी एक डबी मलम करा आणि घरात सर्वांच्या टाचा पाहा. घरातल्या बायाबापड्या आपली टाच कधी दाखवत नाहीत. त्यांची आधी पाहा.