इन्सुलिन टोचून रंकाळ्याकाठी धावताना
पन्नाशीनंतर मी रंकाळ्याकाठी धावू लागलो. इन्सुलिन घेणाऱ्याच्या धावण्यातली मेख ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट लॉरेन्स यांनी १९२६ मध्येच मांडली होती. ते स्वतः १९२३ पासून इन्सुलिनवर होते. व्यायामात तेच इन्सुलिन जास्त साखर उतरवते. निरोगी शरीर धावताना इन्सुलिन आपसूक कमी करते, टोचलेले मात्र परत घेता येत नाही. मांडीत टोचले तर ते आणखी लवकर भिनते. साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली, की आपला कोल्हापुरी गूळही (अभिमान बाजूला ठेवून सांगतो) ग्लुकोजच्या पुडीमागे पडतो. त्यातली साखर आधी फुटावी लागते, आणि तिच्यात ग्लुकोज निम्मेच. खरा धोका रात्रीचा. दमलेले स्नायू तासन्‌तास साखर ओढत राहतात, आणि झोपेत जाग येईलच असे नाही. धावल्या दिवशी मी निजण्यापूर्वी पुन्हा बोट टोचून पाहतो.