भर उन्हातला फ्लॅश आणि लीफ शटर

'बाहेर एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला?' दुपारच्या मुहूर्तावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. चेहरा नीट दिसावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं, तर आकाश पांढरंफटक होतं. ऊन आवरून चेहऱ्यावर वेगळा उजेड टाकणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पण त्याच्या तंत्राविषयी बरेच गैरसमज आहेत.

मुळातला गैरसमज असा, की शटरचा वेग वाढवला की फ्लॅशचा उजेडही तेवढाच कमी होतो. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपतो. तो पूर्ण आत येईपर्यंत शटर उघडं असेल, तर वेगाने फ्लॅशला काही फरक पडत नाही. कमी होतं ते फक्त ऊन. अपर्चर मात्र दोन्ही कमी करतं.

मग वेग हवा तेवढा का वाढवता येत नाही? बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर दोन पडदे धावतात. १/२०० किंवा १/२५० च्या आसपास मर्यादा येते. त्यापुढे पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो, मधे फक्त फट उरते आणि फोटोत काळा पट्टा येतो. लीफ शटर भिंगातच असतं. त्याची पाती मध्यापासून बाहेर उघडतात, त्यामुळे कोणत्याही वेगाला पूर्ण फ्रेमवर एकदमच उजेड पडतो. १९५७ च्या हॅसलब्लाड ५००सी ची भिंगं १/५०० पर्यंत फ्लॅश जुळवत. २०१६ मध्ये एक्स१डी सोबत आलेल्या एक्ससीडी भिंगांनी ती मर्यादा १/२००० वर नेली.

'हाय-स्पीड सिंक म्हणजे तेच की!' असं दुकानातही सांगतात. ते तेच नाही. हाय-स्पीड सिंकमध्ये फट सरकत असताना फ्लॅश सतत लुकलुकत राहतो आणि बराचसा उजेड पडद्यावरच वाया जातो. दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त नुकसान सहज होतं. लीफ शटरमध्ये एकच पूर्ण झोत वापरला जातो.

खरा फायदा हिशोबात दिसतो. आयएसओ १०० ला कडक उन्हात १/२५० आणि एफ/११ लागतं. तेच ऊन १/२००० आणि एफ/४ वर तितकंच पडतं, पण फ्लॅशला आता एक-अष्टमांश ताकद पुरते. म्हणजे छोटा, हातात धरता येणारा फ्लॅश उन्हाशी बरोबरी करतो आणि पार्श्वभूमीही धूसर होते. एनडी फिल्टरने हेच साधतं, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की फिल्टर उन्हाबरोबर फ्लॅशही अडवतो. तीन स्टॉपचा फिल्टर लावून एफ/४ वर आलात, तरी फ्लॅशची ताकद एफ/११ इतकीच लागते.

लीफ शटर घेतलं की काम झालं, हाही गैरसमजच. बॅटरीवरचे अनेक फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण १/२०० सेकंद जळत राहतात. १/२००० ला शटर बंद होतं तेव्हा झोताची शेपटी बाहेरच राहते. आजचे बरेच फ्लॅश ताकद कमी केली की लवकर विझतात, म्हणून वरचा एक-अष्टमांशाचा हिशोब इथेही कामी येतो. रेडिओ ट्रिगरचा किंचित उशीरही एवढ्या वेगात जाणवतो. शिवाय अपर्चर मोठं असलं की पात्यांना जास्त अंतर कापावं लागतं. २०११ च्या फुजीफिल्म एक्स१०० वर एफ/२ ला कमाल वेग म्हणूनच १/१००० होता.

२०२३ च्या सोनी ए९ थ्री मधल्या ग्लोबल शटरने पडद्यांचा प्रश्नच मिटवला, पण फ्लॅशच्या झोताची लांबी तिथेही आडवी येते.

खरेदीआधी एक चाचणी जरूर करा. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर, फ्लॅश आणि अपर्चर न बदलता, १/१२५ पासून वेग वाढवत फोटो काढा. भिंत ज्या वेगाला काळवंडायला लागेल, तीच त्या ताकदीवर तुमच्या साधनांची खरी मर्यादा.