नवा रोखा, जुनें कर्ज

पुणें जिल्ह्यांतील सुपें हें बाजाराचें गांव. 12 मे 1875 रोजीं आसपासच्या खेड्यांतील कुणबी तेथें जमले आणि त्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, कांहीं घरांना आगी लागल्या. परंतु जमावाची मुख्य मागणी होती ती वह्यांची आणि कर्जरोख्यांची. हातीं लागलेले रोखे जाळण्यांत आले. पुढें हें लोण त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतही पोंचलें आणि तीसांहून अधिक गांवांत थोड्याफार फरकानें हाच प्रकार झाला. इतिहासांत यांना दख्खनचे दंगे म्हणतात. चोर पैसा नेतो, भुकेलेला धान्य नेतो. हे लोक कागदामागें कां लागले, असा प्रश्न ज्याला पडेल त्याला कर्ज या वस्तूचें मर्म अर्धें तरी कळलें असें समजण्यास हरकत नाहीं.

रयतेला कर्ज नवें नव्हतें. पेरणीस बीं, बैल मेल्यास बैल, सरकारी साऱ्याचा भरणा, यांसाठीं सावकाराच्या ओट्यावर जाणें पिढ्यान् पिढ्या चालत आलें होतें. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला, म्हणून इकडच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि सावकारांनींही हात सैल सोडून कर्जें दिलीं. युद्ध संपलें, भाव कोसळले. त्यांतच साऱ्याची फेरआकारणी होऊन तो कित्येक ठिकाणीं बेसुमार वाढला. सावकारांनीं नवें कर्ज देण्याचें नाकारलें व जुन्याचा तगादा लावला. येथपर्यंतची हकीकत शाळेच्या पुस्तकांतही सांपडते. तिच्या पोटांत जें गणित आहे तें मात्र फारसें कोणी मांडून दाखवीत नाहीं.

1859 सालीं सरकारनें मुदतीचा कायदा केला. रोखा तीन वर्षेंच चालावा, म्हणजे व्याज वर्षानुवर्षें तुंबत जाणार नाहीं, असा त्याचा सद्धेतु होता. सावकारांनीं त्यांतून जी वाट काढली ती अगदीं सोपी होती. तीन वर्षें भरत आलीं कीं कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घ्यावयाचा, आणि जुनें मुद्दल व त्यावर सांचलेलें व्याज यांची बेरीज करून तीच रक्कम नव्या रोख्यांत मुद्दल म्हणून घालावयाची. समजा, 100 रुपये दरमहा दरशेकडा 2 रुपये व्याजानें घेतले आणि कुळाकडून एक पैही आली नाहीं. तीन वर्षांचें व्याज 72 रुपये. म्हणून नवा रोखा 172 रुपयांचा. सहाव्या वर्षअखेर तो 296 रुपयांचा होतो, नवव्या वर्षअखेर 509 रुपयांचा आणि बाराव्या वर्षअखेर 875 रुपयांचा. सरळ व्याजानें हेंच देणें 388 रुपये झालें असतें. हिंदु धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम लावला असता तर तें 200 रुपयांवर जाऊंच शकलें नसतें. कारण एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये असें तो नियम सांगतो, आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो मानीत असत. पण नवा रोखा झाला कीं कालच्या व्याजाचें आज मुद्दल होई, आणि दामदुपटीचें कुंपण दर तीन वर्षांनीं आपोआप पुढें सरके. दंग्यांच्या चौकशीसाठीं जो आयोग नेमला गेला त्याच्यापुढें, 100 रुपयांच्या कर्जावर 2000 रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचें एक प्रकरण आलें होतें. वरील गणित पाहिल्यावर त्याचें नवल वाटत नाहीं.

यांतली खरी मेख अशी कीं, नव्या रोख्यावर अंगठा उठवितांना कुळाला खिशांतून कांहींच काढावें लागत नसे. उलट तगाद्यांतून तीन वर्षांपुरता सुटलों, अशा समाधानांत तो घरीं जात असे.

त्याच आयोगानें आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती आजही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कुणबी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून कर्जांत बुडतो, असा सुशिक्षितांचा तेव्हां दृढ समज होता, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाहीं. आयोगानें चौकशी करून, लग्नाच्या व सणावारांच्या खर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे, असा निर्वाळा दिला. ऋण काढून सण करूं नये हें खरेंच. पण पुष्कळांचें ऋण सणापायीं होत नाहीं. तें मिठामिरचीपायीं, औषधापायीं, मुलाच्या फीपायीं, म्हणजे जेथें मिळकत व खर्च यांचा मेळ रोजच थोडा थोडा चुकतो तेथें होतें. कर्जबाजारी मनुष्याला उधळ्या ठरविणें सोपें आहे; त्यानें त्याचें कर्ज फिटत नाहीं, आणि लाजेपायीं तो तें बायकोपासून, भावापासून लपवूं लागतो, हा तोटा मात्र निश्चित होतो.

1879 सालीं दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. त्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागें जाऊन, मुळांत दिलें किती व व्याज चढविलें किती, हें तपासण्याचा अधिकार दिला. पुढें 1904 च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांची वाट मोकळी झाली. तो इतिहास मोठा आहे. प्रस्तुत विषयाला त्यांतलें एवढेंच पुरे.

आज तांबड्या कापडांत बांधलेली चोपडी घेऊन ओट्यावर बसलेला सावकार शहरांत दिसत नाहीं. परंतु नवा रोखा करण्याची रीत गेलेली नाहीं. ती फक्त तीन वर्षांवरून एका महिन्यावर आली आहे. क्रेडिट कार्डाचें मासिक बिल पाहावें. त्यावर दोन रकमा छापलेल्या असतात, एक एकूण देणें आणि दुसरी किमान देणें. एकूण देणें मुदतींत भरणाराला हें कार्ड बिनव्याजी उसनवारीचें साधन आहे व त्याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. किमान रक्कम भरणाराची गोष्ट निराळी. समजा देणें 40,000 रुपये आहे, व्याजाचा दर दरमहा शेकडा साडेतीन आहे आणि किमान रक्कम शेकडा पांच, म्हणजे 2,000 रुपये, ठरलेली आहे. या 2,000 रुपयांतून 1,400 रुपये व्याजाकडे जातात. त्या व्याजावर शेकडा 18 प्रमाणें वस्तु व सेवा कर बसतो, त्याचे 252 रुपये. उरलेले 348 रुपये कायते मुद्दलांत वळते होतात. 2,000 रुपये भरल्याचा आनंद आणि 348 रुपये फिटल्याची वस्तुस्थिति यांत जें अंतर आहे तेंच सुप्याच्या कुळानें अंगठा उठवितांना अनुभवलें होतें. शिवाय मागील बाकी शिल्लक असतां नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना कार्ड घेऊन वर्षें लोटलीं तरी ठाऊक नसते. दरमहा साडेतीन हा आंकडा कानाला बारीक वाटतो. व्याजावर व्याज धरलें तर त्याचें वर्षाचें मान शेकडा 51 होतें, आणि कांहींच न भरल्यास मूळ रक्कम सुमारें वीस महिन्यांत दुप्पट होते. त्या दंगलींच्या काळच्या दरमहा दोनाच्या सावकाराला हा दर ऐकून संकोच वाटला असता.

दुसरा चकवा दराच्या नांवांतच असतो. दुचाकी किंवा घरगुती वस्तु हप्त्यानें घेतांना, व्याज फक्त शेकडा 12, असें सांगितलें जातें. येथें विचारावयाचें तें हें कीं, हें व्याज मूळ रकमेवर शेवटपर्यंत आकारणार, कीं फिटत जाणारी रक्कम वजा करून उरलेल्या बाकीवर? 1,00,000 रुपये तीन वर्षांसाठीं घेतले आणि व्याज मूळ रकमेवरच धरलें तर तें 36,000 रुपये होतें व दरमहाचा हप्ता 3,778 रुपयांचा बसतो. तेंच घटत्या बाकीवर धरलें तर हप्ता 3,321 रुपयांचा आणि एकूण व्याज सुमारें 19,600 रुपयांचें. दर दोन्हीकडे बाराच; पण पहिल्या प्रकारांत, जे रुपये ऋणकोनें केव्हांच परत केले त्यांचेंही व्याज त्याच्याकडून घेतलें जातें, म्हणून खरा दर शेकडा 21 च्या वर जातो. ‘शून्य टक्के व्याज’ ही जाहिरात याहून चतुर. अशी वस्तु जगांत असूं शकत नाहीं असें रिझर्व्ह बँकेनें 2013 सालीं बँकांना स्पष्ट बजावलें. व्याज तेथें किंमतींत, सोडलेल्या सवलतींत किंवा कागदपत्रांच्या आकारांत दडलेलें असतें. 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक कर्जदारांना नवें कर्ज देतांना सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर एका स्वतंत्र पत्रकावर लिहून देणें बँकांना व वित्तसंस्थांना बंधनकारक झालें आहे. तें पत्रक मागून घ्यावें आणि सही करण्यापूर्वीं घरीं आणून वाचावें. सहीची घाई धनकोला असते, ऋणकोला नसावी.

सर्वच कर्ज वाईट, असें मात्र म्हणतां येत नाहीं. घरासाठीं घेतलेलें कर्ज बहुतेकांना अपरिहार्य असतें, आणि भाड्याचा पैसा वांचत असल्यानें तें पुष्कळदां शहाणपणाचेंही ठरतें. पण त्याचेंही गणित एकदां कागदावर पाहावें. 30 लाख रुपये, 20 वर्षें, शेकडा 9. हप्ता 26,992 रुपये. पहिल्या हप्त्यांतले 22,500 रुपये व्याज आणि मुद्दल अवघें 4,492. वीस वर्षांत एकूण व्याज जातें सुमारें 34 लाख 78 हजार, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक. याच कर्जांत दरवर्षीं एक हप्ता जादा भरला, मग तो बोनसांतून असो कीं विकलेल्या रद्दीमोडींतून असो, तर कर्ज सुमारें साडेतीन वर्षें आधीं फिटतें. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर अशा आगाऊ भरण्याबद्दल व्यक्तींकडून दंड घेऊं नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेनें 2012 सालीं बँकांना दिलेला आहे. प्रारंभीच्या वर्षांत भरलेला जादा रुपया सर्वांत अधिक काम करतो. अखेरच्या वर्षांत त्याचें फारसें तेज राहत नाहीं.

देणीं अनेक झालीं असल्यास आधीं कोणतें फेडावें, याविषयीं घरोघरीं वाद होतात. ज्याचा तगादा मोठा त्याला आधीं, अशी सामान्य रीत. गणित सांगतें कीं, ज्याचा व्याजदर मोठा त्याला आधीं; बाकीच्यांचा ठरलेला हप्ता मात्र चुकूं देऊं नये. सोनें पेटींत आणि कार्डाची बाकी शेकडा 42 वर, अशी घरें थोडीं नाहींत. तेथें दागिना मोडण्यास जीव होत नसेल तर तो तारण ठेवून कमी दराचें कर्ज काढणें व महागडें फेडणें हेंही चालेल, अर्थात् फेडलेलें कार्ड पुन्हा भरूं लागणार नसेल तरच. नाहीं तर एका कर्जाचीं दोन होतात. हातउसने पैसे बिनव्याजी असतात म्हणून मागें टाकले जातात. त्यांचें व्याज नात्याच्या खात्यांतून वसूल होत असतें, तेंही हिशेबांत धरावें.

जामीन राहण्याबद्दल थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण येथें सज्जन माणसेंच फसतात. ‘नुसती सही तर हवी आहे’ असें म्हणून कचेरींतला सोबती किंवा मेहुणा कागद पुढें करतो. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणें, करारांत वेगळें ठरलेलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोनें आधीं ऋणकोची मालमत्ता विकावी व मग जामिनाकडे वळावें, असा समज सर्वत्र आहे, पण तसा हक्क जामीनदाराला नसतो. तेव्हां ज्याच्यासाठीं सही करावयाची, त्याचें संपूर्ण कर्ज आपण स्वतः फेडूं शकूं का व फेडावें लागल्यास मनांत कडूपणा न आणतां फेडूं का, एवढे दोन प्रश्न आधीं स्वतःला विचारावेत. उत्तर नकारार्थी असेल तर त्या दिवशींचा नकार पुढच्या वैरापेक्षां स्वस्त पडतो.

या सर्वांच्या मुळाशीं एक वही आहे. रोजकीर्द लिहिण्याची चाल मध्यमवर्गांत मागें घरोघरीं होती. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं दिवसाचा खर्च टांचला जाई व जमेशीं शिल्लक ताडून पाहिली जाई. आतां पैसा भ्रमणध्वनीवर बोट ठेवतांच जातो आणि जातांना आवाजही करीत नाहीं. म्हणून वही पूर्वींपेक्षां आतां अधिक लागते. दोन महिने प्रामाणिकपणें लिहिली कीं खर्चाचीं भोकें स्वतःच बोलूं लागतात; त्यासाठीं कोणा तज्ज्ञाची गरज नसते. मात्र ती नवराबायकोंनीं मिळून लिहावी. ज्या घरांत एकालाच देणें ठाऊक असतें त्या घराचें अंथरूण दुसऱ्याला लांब दिसत राहतें. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बचतखात्यांत किंवा मोडतां येईल अशा मुदतठेवींत बाजूस असला तर आजारपण किंवा नोकरी सुटणें हें संकटच राहतें, कर्ज होत नाहीं. अशी गंगाजळी नसतांना मनुष्य सांपडेल त्याच्याकडे जातो. महाराष्ट्रांत 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे. गल्लींतल्या दरमहा दहा टक्केवाल्याकडून घेतलेल्या पैशाबद्दल धमकी आल्यास सहकार खात्याच्या निबंधकाकडे व पोलिसांकडे तक्रार करतां येते, आणि ती करण्यांत ऋणकोला लाज वाटण्याचें कारण नाहीं.

शेवटचा हप्ता भरल्यावर बहुतेक लोक पेढे वांटून मोकळे होतात, पण काम तेथें संपत नाहीं. कर्ज पुरें फिटल्यापासून 30 दिवसांच्या आंत घराचे मूळ दस्तऐवज परत मिळाले पाहिजेत. 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें, धनको संस्थेच्या दोषानें विलंब झाल्यास तिला दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. दस्तऐवज मोजून घ्यावेत, देणें उरलें नसल्याचा दाखला घ्यावा, आणि शेतजमीन तारण असल्यास सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करण्यासाठीं महसूल खात्याकडे अर्ज देऊन नवा उतारा हातीं येईपर्यंत पाठपुरावा करावा. सुप्याच्या लोकांनीं ज्यासाठीं आग लावली तो कागद आतां अर्जावर मिळतो.