चंद्रीची मॅटर्निटी लीव्ह

आपल्याकडे २०१७ पासून मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली. चंद्रीला मिळाली फक्त २१ दिवसांची! चंद्री म्हणजे माझ्या आत्याची गावठी कोंबडी, मुक्काम संगमेश्वर तालुका. दिवाळीनंतर मुंगसाने आत्याच्या पाच कोंबड्या नेल्या. उरले दोघंच, चंद्री आणि एक कोंबडा. आजीपासून चालत आलेलं हे खानदान आता एका रवणावर येऊन ठेपलेलं. जानेवारीत चंद्री खुडूक झाल्याचा फोन आला आणि मी लॅपटॉप उचलून वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली थेट गाव गाठलं.

खुडूक म्हणजे काय, तर कोंबडी अंडी घालणं थांबवते, घरट्यावरून हलत नाही आणि हात नेलात तर पिसं फुलवून टोचते. सगळा प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनचा फंडा. व्यापारी लेगहॉर्नमधून हा स्वभाव ब्रीडिंग करून जवळजवळ काढूनच टाकलाय, कारण खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेलं प्रॉडक्शन. गावठीत तो अजून शाबूत आहे. (आणि हो, दुकानातला अंड्यांचा ट्रे तिच्याखाली ठेवायचा विचार असेल तर विसरा. लेअर फार्मवर कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून?)

आत्याला घाई अजिबात नाही. आधी दोन रात्री दोन जुनी अंडी ठेवून तिने चंद्रीची परीक्षा घेतली. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटी, तळाला उवांसाठी राख, वर भाताचा पेंढा. मग अंड्यांचं सिलेक्शन. दहा दिवसांपेक्षा जुनी, तडकलेली, वेड्यावाकड्या आकाराची बाद, ती थेट आमच्या पोळ्यात. अंडी धुवायची नाहीत, वरचं संरक्षक आवरण जातं. उरली आठ. त्यांच्यावर पेन्सिलने खुणा केल्या आणि रात्री, सगळी एकाच वेळी, तिच्याखाली सरकवली. मागेपुढे ठेवली तर पिल्लंही मागेपुढे निघतात आणि आई पहिल्यांना घेऊन उठून जाते.

नंतर तुमचं काम फार थोडं. साधारण साडेसदतीस डिग्रीची ऊब, दिवसातून अनेकदा अंडी फिरवणं, सगळं बाईसाहेब स्वतःच बघतात. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा ब्रेक: दाणे, पाणी, धुळीत अंघोळ. मी तेवढ्यात टेन्शन घेऊन अंड्यांवर फडकं टाकायला निघाले, तर आत्या म्हणाली, ‘‘शेड्यूल तिचं ती ठरवते, तू नको लुडबुडूस.’’ शेड्यूल हा शब्द तिने माझ्या मीटिंगा ऐकून उचललेला!

सातव्या रात्री मोबाइलचा टॉर्च लावून अंडी बघितली. सहांमध्ये लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसत होतं, एकात तर इवलासा ठिपका हलतही होता. सॉलिड! दोन मात्र नुसती पिवळीधम्मक. ती काढली, सडून फुटली तर बाकीच्यांचीही वाट लागते.

एकविसाव्या दिवशी सकाळी कवचाच्या आतून चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर. पाचव्याने भोक पाडलं आणि थांबलंच. तासामागून तास जात होते, माझा हात शिवशिवत होता. आत्याने मनगटच धरलं. या वेळी रक्तवाहिन्या आटत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो, कवच सोललं तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकतं. त्याच बलकावर नवं पिल्लू दिवसभर काही न खाता आरामात राहतं. रात्री साडेदहाला ते एकदाचं आलं, ओलं आणि वैतागलेलं. सहावं आलं नाही.

पहिल्या आठवड्यात पाचही जणांच्या डोळ्यांत रानीखेतच्या लसीचा एकेक थेंब पडला. दिवसा ती डालग्याखाली असतात, वर घार फिरते म्हणून. खुराड्याला आत्याने बारीक जाळी ठोकून घेतलीय, खालूनसुद्धा. मुंगूस परवा कुंपणाशी येऊन गेलं.