समाजकार्य संशोधनाचे ऑनलाइन माहितीस्रोत (शिरूर व दौंड तालुके)

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याबरोबरच सामान्यतः लघुशोधप्रबंधाचाही समावेश असतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांत रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक कामगार, ऊसतोडणी मजुरांच्या मुलांचे शिक्षण, पाणीटंचाई असे अनेक अभ्यासविषय आढळतात. त्यांविषयीची बरीच दुय्यम माहिती आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र स्थळनामांचे साम्य, बदललेल्या प्रशासकीय सीमा आणि जिल्हा सरासरी यांमुळे निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो.

स्थळनामे आणि सीमा

'शिरूर' हे नाव बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ या तालुक्यांच्या नावांतही येते. पुणे जिल्ह्यातील शिरूर शहर घोडनदी या नावानेही ओळखले जाते. शिरूर लोकसभा मतदारसंघ आणि शिरूर तालुका या भिन्न गोष्टी आहेत. मतदारसंघात जुन्नर, आंबेगाव, खेड, भोसरी व हडपसर हे विधानसभा मतदारसंघही येतात. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत शिरूरचे लेखन 'सिरूर' आणि दौंडचे 'धोंड' असे केलेले आढळते. त्यामुळे केवळ आजच्या नावाने शोध घेतल्यास जुनी साधने हाती लागत नाहीत.

ऐतिहासिक साधने

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्याची अंकीय प्रत उपलब्ध आहे. त्या काळी दौंड हा स्वतंत्र तालुका नव्हता. आजच्या दौंड व बारामती तालुक्यांतील बराच प्रदेश भीमथडी तालुक्यात मोडत असे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या अभ्यासात हा फरक महत्त्वाचा ठरतो. सावकारावरील बहिष्काराची सुरुवात शिरूर तालुक्यातील करडे गावात झाली, तर १२ मे १८७५ रोजी पहिला उठाव भीमथडीतील सुपे येथे झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे.

आकडेवारी

२०११ च्या जनगणनेवर आधारित जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय कुटुंबसंख्या, साक्षरता, कामगारांचे वर्गीकरण व नागरी सुविधा यांची नोंद आहे. प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला असल्याने एकाच नावाच्या गावांत गल्लत होत नाही. २०२१ ची नियोजित जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही. त्यामुळे ही आकडेवारी वापरताना तिचे वर्ष नमूद करणे आवश्यक ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) निष्कर्ष जिल्हा पातळीपर्यंतच मिळतात. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत पुणे व पिंपरी-चिंचवड ही महानगरेही समाविष्ट असतात. ती सरासरी टंचाईग्रस्त पाबळ-केंदूर परिसराला किंवा दौंडच्या बागायती पट्ट्याला लागू करता येत नाही. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे व खर्चाच्या नोंदी 'ई-ग्रामस्वराज' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात.

प्रबंध आणि नियतकालिके

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधांची अंकीय प्रत सादर करणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात असे प्रबंध वाचता येतात. पुणे विद्यापीठाचे नामांतर २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाल्याने जुन्या प्रबंधांवर पूर्वीचे नाव दिसते. टाटा समाजविज्ञान संस्थेचे 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' हे नियतकालिक १९४० पासून प्रसिद्ध होत आले आहे.

मर्यादा आणि नैतिकता

ऑनलाइन नोंद ही प्रत्यक्ष स्थितीचा पुरावा ठरेलच असे नाही. गावात शाळा किंवा नळयोजना असल्याची नोंद असली, तरी तिचा लाभ प्रत्येक वस्तीला मिळतो की नाही हे क्षेत्रभेटीतूनच कळते. जी माहिती संकेतस्थळावर नसते, ती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये पंचायत समितीकडे किंवा संबंधित कार्यालयाकडे अर्ज करून मागता येते. काही शासकीय याद्यांत लाभार्थ्यांची नावे खुली असतात. ती प्रबंधात जशीच्या तशी दिल्यास लहान गावात कुटुंबाची ओळख उघड होऊन त्याला त्रास पोहोचू शकतो. म्हणून समाजकार्य संशोधनात नावे वगळून सांकेतिक क्रमांक वापरण्याची प्रथा आहे.